तिसरी जागा कुणाची? ‘द वेलिन जेनीज’ या गाणाऱ्या तिघींची गोष्ट

चार जणांनी मिळून गायला बसणं सोपं असतं. तो गट टिकवणं मात्र भलतंच अवघड. कॉलेजचा बँड असो, सोसायटीचं भजनी मंडळ असो किंवा महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सवातला गायकांचा चमू, सगळीकडे तेच होतं. कुणाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाला बाळ होतं, कुणाला वाटतं की आता आपण एकट्याने काही करून पाहावं. मग तालमी कमी होतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती ‘गुड मॉर्निंग’ उरतात आणि एक दिवस सगळं गुपचूप थांबतं. “आता पूर्वीसारखं नाही राहिलं” हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. काहींनी म्हटलेलंही असेल.

कॅनडातल्या तीन गायिकांच्या गटाच्या वाट्याला हे सगळं आलं. एक गायिका सोडून गेली. तिच्या जागी आलेली दुसरीही गेली. मग जी तिसरी आली, ती दुसऱ्या देशात राहणारी होती. त्यात घरं, मुलंबाळं आणि प्रत्येकीचं स्वतःचं वेगळं काम. तरीही २००२ साली सुरू झालेला हा गट थांबला नाही. त्याचं नाव ‘द वेलिन जेनीज’. नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही. त्यांचा प्रवास माहीत करून घेण्यासारखा आहे, कारण तो गाण्याइतकाच माणसं धरून ठेवण्याचा आणि वेळ आली की त्यांना मोकळं सोडण्याचाही आहे.

एका संध्याकाळपुरती मैफल

विनिपेग हे कॅनडाच्या साधारण मध्यावर वसलेलं शहर. मॅनिटोबा प्रांताची राजधानी. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांचा इथे संगम होतो. आजूबाजूला नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट गवताळ मैदान, ज्याला तिकडे ‘प्रेअरी’ म्हणतात. हिवाळा असा की पारा उणे तीस अंशांपर्यंत सहज घसरतो. वस्ती साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम शहराएवढीच. टोरांटो रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून लांब आणि दुसऱ्या बाजूला व्हँकुव्हरही तितकंच दूर.

अशा ठिकाणी राहणाऱ्या कलाकारांना मोठ्या शहरावर विसंबून चालत नाही. आपली करमणूक आपणच उभी करावी लागते. त्यामुळे या शहरात गाणं भरपूर. इथला ‘विनिपेग फोक फेस्टिव्हल’ १९७४ पासून चालू आहे आणि दर उन्हाळ्यात शहराबाहेरच्या बर्ड्स हिल पार्कमध्ये लोक दिवसदिवस गाणी ऐकत बसतात. प्रसिद्ध गायक नील यंग याची किशोरवयातली वर्षंही याच शहरात गेली.

या विनिपेगमध्ये ‘स्लेड डॉग म्युझिक’ नावाचं गिटारचं एक छोटं दुकान होतं. २००२ च्या सुरुवातीला दुकानाच्या मालकाने तीन स्थानिक गायिकांना एकत्र गाण्यासाठी बोलावलं. रूथ मूडी, निकी मेहता आणि कारा लुफ्ट. तिघींची आपापली वेगळी वाट होती. तिघी मिळून बँड काढू, असा काही बेत नव्हता. फक्त एक कार्यक्रम करायचा, एवढंच ठरलं होतं.

पण तो कार्यक्रम इतका रंगला की तिघींनी पुढेही एकत्र गायचं ठरवलं.

नावातली गंमत

आता नाव काय ठेवायचं? तेही त्या दुकानदारानेच सुचवलं. वेलन जेनिंग्ज हा अमेरिकेतला कंट्री संगीताचा मोठा गायक. भारदस्त आवाज, डोक्यावर काळी हॅट, बंडखोर स्वभाव. त्याच्या नावाची जराशी मोडतोड केली आणि ‘वेलन जेनिंग्ज’चं झालं ‘वेलिन जेनीज’. इंग्रजीत ‘वेल’ म्हणजे मोठ्याने रडणं, गळा काढणं. म्हणजे या झाल्या ‘गळा काढणाऱ्या जेनी’! गाणाऱ्या तिघींना स्वतःलाच असं चिडवून घेणारं नाव आवडलं आणि तेच कायम राहिलं.

योगायोग असा की खुद्द वेलन जेनिंग्ज यांचं निधन त्याच वर्षी, फेब्रुवारी २००२ मध्ये झालं.

तिघींपैकी एकीचं आडनाव वाचून तुमचं लक्ष वेधलं गेलं असेल. होय, मेहता. निकी मेहता. तिने शास्त्रशुद्ध नृत्याचं शिक्षण घेतलेलं आणि कानावर संस्कार झाला तो सत्तरच्या दशकातल्या रेडिओवरच्या गाण्यांचा. गट सुरू होण्याआधी, २००१ मध्ये, तिचा ‘वेदर व्हेन’ हा स्वतःचा अल्बम आला होता. रूथ मूडीने पाश्चात्त्य शास्त्रीय गायन आणि पियानो शिकलेला. आयरिश आणि स्कॉटिश वळणाची जुनी गाणी हा तिचा हातखंडा आणि आधीच्या एका लोकसंगीत बँडमध्ये ती मुख्य गायिका होती. कारा लुफ्टच्या घरातच गाणं होतं, तिचे आईवडील दोघेही लोकगायक. नाच, शास्त्रीय गाणं आणि घरातून आलेलं लोकसंगीत अशी तीन वेगवेगळी शिदोरी घेऊन या तिघी एकत्र आल्या.

हे ‘फोक’ म्हणजे आपलं लोकसंगीतच का?

इथे एक छोटा फरक समजून घेऊ. आपण लोकसंगीत म्हणतो तेव्हा जात्यावरची ओवी, भारूड, गोंधळ, कोळीगीत असं काही डोळ्यांसमोर येतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आणि बहुतेक वेळा मूळ रचनाकार कोण हे ठाऊक नसलेलं.

उत्तर अमेरिकेत ‘फोक’ या शब्दात हे तर येतंच, पण आणखी एक प्रकारही येतो. जुन्या लोकगीतांच्या धाटणीत आज लिहिलेली नवी गाणी. सोपी चाल, गिटार किंवा बँजोची साथ आणि साध्या शब्दांत सांगितलेली एखादी गोष्ट. वूडी गथ्री आणि नंतर १९६० च्या दशकात बॉब डिलन यांच्यामुळे हा प्रकार जगभर पोहोचला. त्यालाच ‘कंटेम्पररी फोक’, म्हणजे आजच्या काळाचं लोकसंगीत म्हणतात. गाणं कुणी लिहिलं ते माहीत असतं, पण बाज मात्र असा की जणू आजीकडून ऐकलेलं असावं.

वेलिन जेनीज दोन्ही गातात. शे-दोनशे वर्षं जुनी पारंपरिक गाणी आणि स्वतः लिहिलेली नवी. या गटात सगळ्या जणी गीतकार आहेत, गायिका आहेत आणि वाद्यंही स्वतःच वाजवतात. मूडीच्या हातात कधी गिटार, कधी अकॉर्डियन, कधी बँजो. मेहताकडे गिटार, माउथ ऑर्गन, युकुलेले.

तीन सूर एकाच वेळी

पण लोक या तिघींवर भाळले ते वाद्यांमुळे नाही. ते त्यांच्या एकत्र आवाजामुळे.

आपल्याकडे आरती म्हणताना किंवा शाळेत प्रार्थना म्हणताना पन्नास जण असले तरी सगळे एकच चाल गातात. हार्मनीत तसं नसतं. शब्द तेच, लय तीच, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. हार्मोनियमवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून पाहा. तीन वेगळे सूर असूनही कानाला एकच भरलेला आवाज ऐकू येतो. आता कल्पना करा की त्या तीन पट्ट्या म्हणजे तीन माणसं आहेत आणि गाणं पुढे सरकतं तसे तिघींचे सूर एकमेकींना धरून सरकत राहतात.

या गटात मूडीचा आवाज सर्वांत उंच, तो सोप्रानो. मेहताचा मधला, त्याला मेझो म्हणतात. आणि तिसरा खालचा भारदस्त आवाज म्हणजे आल्टो. ऐकणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा मुख्य चालीकडे असतं. पण बाकी दोघींनी काय धरून ठेवलंय, यावर त्या चालीचा गोडवा अवलंबून असतो. यात नुसता सूर लागून भागत नाही. श्वास एकाच ठिकाणी घ्यावा लागतो. ‘आ’ म्हणताना तोंड किती उघडायचं, शब्दाचं शेवटचं अक्षर कधी सोडायचं, आवाजात कंप किती ठेवायचा, हे सगळं जुळावं लागतं. एकीने जरा जास्त जोर लावला की तीन आवाजांचे तीन तुकडे ऐकू येतात.

म्हणून अशा गटातून एक माणूस गेलं की फक्त एक गायिका कमी होत नाही. तो एकत्रित आवाजच नाहीसा होतो. ढोलकीवाला बदलला तर ठेका तरी तोच राहतो. इथे मात्र तीन जणींनी मिळून तयार केलेली गोष्ट पुन्हा शून्यापासून जमवावी लागते.

आणि वेलिन जेनीजवर ही वेळ फार लवकर आली.

पहिला अल्बम, पहिला निरोप

२००३ मध्ये त्यांची काही गाण्यांची छोटी सीडी आली. २००४ मध्ये पहिला पूर्ण अल्बम आला, ‘फोर्टी डेज’. त्यातलं पहिलंच गाणं रूथ मूडीने लिहिलेलं, ‘वन व्हॉइस’. या गाण्याची रचना अगदी साधी आहे आणि म्हणूनच ती मनात राहते. सुरुवातीला एकच आवाज गातो. पुढच्या कडव्यात दुसरा येऊन मिळतो. त्यानंतर तिसरा. एकटं माणूस, मग सोबत, मग समूह, असा तो प्रवास शब्दांतही आहे आणि सुरांतही. हे गाणं नंतर अनेक गायनवृंदांनी उचललं. त्याचं कारण कळायला जड नाही. ज्यांना कुणाला एकत्र गायचंय, त्यांच्यासाठी ते आयतंच आहे.

या अल्बममध्ये नील यंगचं ‘ओल्ड मॅन’ हे गाणंही त्यांनी आपल्या पद्धतीने गायलं. शेवटचं गाणं होतं ‘द पार्टिंग ग्लास’, स्कॉटलंड-आयर्लंडकडचं जुनं निरोपाचं गीत. बैठक संपवून उठताना म्हणायचं गाणं.

आणि निरोपाचा प्रसंग खरोखरच आला. त्याच वर्षी, २००४ मध्ये, कारा लुफ्ट गटातून बाहेर पडली. तिला एकटीचं काम करायचं होतं.

विचार करा, पहिला अल्बम नुकताच बाजारात आलाय, लोक ओळखू लागलेत आणि तीनपैकी एक आवाज निघून गेलाय. नाव गुंडाळून ठेवायला याहून सोपं कारण मिळालं नसतं. पण मूडी आणि मेहता यांनी मॉन्ट्रियलची गायिका ॲनाबेल ख्वॉस्टेक हिला सोबत घेतलं. ती गिटार, मेंडोलिन आणि व्हायोलिन वाजवायची, शिवाय गाणी लिहायची.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, ‘फोर्टी डेज’ला जुनो पुरस्कार मिळाला, लोकसंगीत आणि पारंपरिक संगीताच्या गटात, वर्षातला उत्कृष्ट अल्बम म्हणून. जुनो म्हणजे कॅनडाचं ग्रॅमीच म्हणा. त्यातही त्या वर्षीचा जुनो सोहळा विनिपेगमध्येच होता. घरच्या गावात घरच्या मुलींचा सन्मान! अल्बमवर आवाज होता कारा लुफ्टचा आणि गटात होती ॲनाबेल ख्वॉस्टेक. या पुरस्कारात दोघींचाही वाटा होता असं म्हणायला हवं. एकीने ते उभं केलं, दुसरीने ते पडू दिलं नाही.

जुनो आणि रेडिओचा नियम

या पुरस्काराच्या नावामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शेजारी अमेरिकेसारखा संगीताचा महासागर असल्यामुळे कॅनडाच्या रेडिओवर बहुतेक अमेरिकन गाणीच वाजायची. तेव्हा १९७१ पासून तिथल्या सरकारी नियामक संस्थेने नियम केला की रेडिओवरच्या संगीतात किमान ३० टक्के संगीत कॅनडाचं असलंच पाहिजे. त्या संस्थेचे प्रमुख होते पिएर जुनो. पुरस्काराला त्यांचं नाव मिळालं. विनिपेगसारख्या आडबाजूच्या शहरातल्या कलाकारांना देशभरात कान मिळाले, त्यात अशा नियमांचाही हात आहे. भाषा आणि गाणी जपायची तर नुसतं प्रेम पुरत नाही, थोडी व्यवस्थाही लागते.

पुन्हा एकदा तेच

ख्वॉस्टेक गटात असताना २००६ मध्ये ‘फायरक्रॅकर’ हा दुसरा अल्बम आला. यात तिघींनी आपापली गाणी लिहिली. ख्वॉस्टेकची गाणी जरा वेगळी, थोडी धारदार होती आणि त्यामुळे गटाचा रंगही बदलला. लुफ्टची नक्कल करण्याऐवजी तिने स्वतःचं काहीतरी आणलं होतं. मूडी आणि मेहता यांनी तिला तशी मोकळीक दिली होती. गेलेल्या माणसाच्या जागी हुबेहूब तसंच माणूस शोधायचं नाही, नव्या माणसाला जागा करून द्यायची, हे सूत्र इथून पक्कं झालेलं दिसतं.

पण २००७ मध्ये ख्वॉस्टेकही बाहेर पडली. पुन्हा तीच गोष्ट, पुन्हा आल्टोची जागा रिकामी.

या वेळी आली हेदर मॅसी. ती अमेरिकेची, मेन राज्यातल्या ग्रामीण भागात वाढलेली. लहानपणी लोकगीतं आणि चर्चमधली भजनं ऐकलेली. पुढे बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत ती जॅझ गायन शिकली. खोल, मखमली आवाज आणि हातात उभं, माणसाच्या उंचीचं बास. कॅनडाच्या गटात आता अमेरिकन गायिका! पण तिच्या येण्याने आवाज इतका नीट बसला की २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जिम थॉर्प नावाच्या छोट्या गावात एका जुन्या ऑपेरा हाउसमध्ये झालेला कार्यक्रम त्यांनी थेट रेकॉर्ड केला. २००९ मध्ये तो अल्बम म्हणून बाहेर आला. स्टुडिओत चुका दुरुस्त करता येतात, प्रत्यक्ष कार्यक्रमात नाही. नवी गायिका येऊन फार काळ झाला नसताना थेट कार्यक्रमाचा अल्बम काढणं म्हणजे तिच्यावर टाकलेला केवढा विश्वास!

याच काळात अमेरिकेतही त्यांचे श्रोते वाढले. मिनेसोटातून चालणारा ‘अ प्रेअरी होम कंपॅनियन’ हा रेडिओ कार्यक्रम तिकडे घरोघरी ऐकला जायचा. शनिवार संध्याकाळ, गाणी, विनोद आणि किस्से असा त्याचा थाट. वेलिन जेनीज तिथे वारंवार पाहुण्या म्हणून गायल्या. मॅसी तर पुढे एकटीही त्या कार्यक्रमात नेहमी दिसू लागली.

२०११ मध्ये ‘ब्राइट मॉर्निंग स्टार्स’ हा अल्बम आला. त्याचं नाव ज्या गाण्यावरून आहे ते अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातलं जुनं भक्तिगीत आहे. २०१२ मध्ये या अल्बमला त्याच विभागात जुनो मिळाला. पहिला जुनो एका आल्टोच्या काळातल्या अल्बमला, दुसरा वेगळ्याच आल्टोच्या काळातल्या. मूडी आणि मेहता मात्र दोन्ही वेळी त्याच.

घर, बाळं आणि सुटकेस

यशाच्या गोष्टी इथे बहुधा संपतात. पण खरी कसोटी इथूनच सुरू होते.

लोकसंगीताच्या कलाकारांचं पोट मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांवर भरतं. म्हणजे गाडीत सामान भरा, तीनशे किलोमीटर जा, गा, हॉटेलात झोपा, सकाळी पुन्हा निघा. एकट्या माणसाला हे जमून जातं. पण मधल्या वर्षांत मेहताला जुळी मुलं झाली. पुढे मूडी आणि मॅसीही आई झाल्या. तिघी राहायला वेगवेगळ्या ठिकाणी, एक तर दुसऱ्या देशात. आता तालीम करायची तरी कशी आणि टूर काढायची तरी कधी?

त्यांनी काढलेला मार्ग फार नाट्यमय नाही. त्यांनी वेग कमी केला. गट बंद केला नाही आणि पूर्वीच्या वेगाने रेटलाही नाही. वर्षातले काही आठवडे टूर, बाकी घर आणि आपापलं काम. २०११ च्या अल्बमनंतर पुढचा अल्बम यायला सहा वर्षं लागली. आजच्या काळात, जिथे दर आठवड्याला रील टाकली नाही तर लोक विसरतील अशी भीती वाटते, तिथे सहा वर्षं म्हणजे फारच झाली. तरी श्रोते थांबले.

याची किंमत नाही असं नाही. वेग कमी केला की कमाई कमी होते, नवी गाणी कमी येतात, पोस्टरवर तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव झळकतं. घरात लहान मूल असताना नोकरीवर परतलेल्या कुठल्याही आईला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पण ‘सगळं किंवा काहीच नाही’ या दोन टोकांच्या मध्येही एक जागा असते आणि तिथे राहून चांगलं काम करता येतं, हे या तिघींनी करून दाखवलं.

आपापली वाट, तरीही सोबत

गट टिकण्यामागे आणखी एक कारण दिसतं. एकमेकींच्या स्वतंत्र कामाची कुणाला असूया वाटली नाही. रूथ मूडीचे ‘द गार्डन’ (२०१०), ‘दीज वाइल्डर थिंग्ज’ (२०१३) आणि ‘वाँडरर’ (२०२४) असे स्वतःचे अल्बम आले. ‘डायर स्ट्रेट्स’ बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर याच्या अल्बमवरही ती गायली. २०१५ च्या त्याच्या ‘ट्रॅकर’ अल्बममध्ये दोघांचं युगुलगीत आहे. हेदर मॅसी जॅझकडे वळली. बुजुर्ग पियानोवादक डिक हायमन यांच्यासोबत २०१३ मध्ये आणि ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड यांच्यासोबत २०१६ मध्ये तिने अल्बम केले.

बाहेर जाऊन शिकून यायचं आणि परत येऊन तिघींत बसायचं. दार उघडं असलं की माणसं परत येतात. कुलूप लावलं की ती खिडकीतून पळ काढतात!

आणि ज्या गेल्या, त्यांचं काय झालं? त्याही गातच राहिल्या. ख्वॉस्टेकने २००८ मध्ये ‘रेझिलियन्स’ नावाचा स्वतःचा अल्बम काढला. कारा लुफ्टने पुढे ‘द स्मॉल ग्लोरीज’ ही गायकजोडी सुरू केली. त्या जोडीच्या २०१९ मधल्या अल्बमचं नाव आहे ‘असिनिबॉइन अँड द रेड’. ओळखीचं वाटतंय? विनिपेगच्या त्याच दोन नद्या, जिथून सगळं सुरू झालं होतं. वेगळं होणं म्हणजे दर वेळी भांडण किंवा शेवट असतो असं नाही. कधीकधी एका गटातून दोन-तीन नवी झाडं उगवतात.

‘फिफ्टीन’

ऑक्टोबर २०१७ मध्ये गटाला पंधरा वर्षं झाल्याच्या निमित्ताने ‘फिफ्टीन’ हा अल्बम आला. यात त्यांनी स्वतःची गाणी ठेवली नाहीत. आवडत्या जुन्या गाण्यांना आपला आवाज दिला. डॉली पार्टन, पॉल सायमन, एमिलू हॅरिस, हँक विल्यम्स अशा मोठ्या मंडळींची गाणी. टॉम पेटी या गायकाचं ‘वाइल्डफ्लॉवर्स’ही त्यात होतं. अल्बम बाहेर यायच्या काही आठवडे आधीच, २ ऑक्टोबरला, टॉम पेटी गेले. त्यामुळे प्रेमाने निवडलेलं ते गाणं श्रोत्यांपर्यंत पोहोचेपर्यंत श्रद्धांजली होऊन बसलं.

पंधराव्या वर्षी दुसऱ्यांची गाणी गाणं म्हणजे नवं काही सुचत नाही असं कुणी म्हणू शकेल. पण लोकसंगीताची रीतच ती आहे. गाणं एकाचं राहत नाही, हातातून हातात जातं. आणि तीन वेगवेगळ्या घरांतून, मुलांची झोप आणि शाळा सांभाळून एकत्र आलेल्या बायकांनी आधीच तोंडात बसलेली गाणी निवडली, तर त्यात शहाणपणही आहे.

कुठून सुरुवात कराल?

ही गाणी ऑनलाइन सहज मिळतात. इंग्रजी फारसं कळत नसेल तरी चालेल, आवाज कळतो. सुरुवात ‘वन व्हॉइस’पासून करा आणि शक्यतो हेडफोन लावून ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालच्या आवाजाकडे लक्ष द्या. तिसऱ्यांदा मधल्या. एकच गाणं तीन वेळा वेगळं ऐकू येईल. घरात मुलं असतील तर त्यांना ‘आता कितवा आवाज आला?’ असा खेळही खेळायला लावता येईल. मग ‘फायरक्रॅकर’मधलं ‘लाँग टाइम ट्रॅव्हलर’ आणि त्यानंतर ‘ब्राइट मॉर्निंग स्टार्स’ हे शीर्षकगीत ऐका. दोन्ही गाण्यांत सगळी कामगिरी गळ्यांचीच आहे. रात्री झोपण्याआधी ऐकायला ‘द पार्टिंग ग्लास’.

आणि तुम्ही स्वतः एखाद्या गटात गात असाल, इंदूरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या मराठी मंडळात, किंवा अगदी चार मैत्रिणींच्या भिशीत, तर यातलं थोडंसं घरी घेऊन जा. कुणी जात असेल तर चिडून दार आपटू नका. नवीन कुणी आलं की ‘आधीची असं गायची’ हे पालुपद लावू नका. कुणाच्या घरी बाळ आलं असेल तर तालीम महिन्यातून एकदाच ठेवा, पण ठेवा. सहा महिने जमलं नाही तरी ग्रुप डिलीट करू नका.

गिटारच्या दुकानात एका संध्याकाळपुरत्या गायला आलेल्या मुलींनी तरी याहून वेगळं काय केलं? एक जागा रिकामी झाली की त्या थांबल्या, नव्या आवाजाला वाट करून दिली आणि पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली.